जाताना तेवढा दिवा

सगळं सभागृह एकदम हसलं आणि तिची पेन्सिल कागदावर नुसती टेकून राहिली. असं कधी होत नसे. हशा झाला की तिचा हात आपोआप चालायचा. बारीक हसण्याला एक उभी रेघ, छप्पर उडेल असं हसले तर दोन, चुळबूळ झाली तर गोल, कुणी उठून गेलं तर फुली. कागदावर चित्रपटाची मिनिटं आधीच छापलेली असायची, तिने त्यांच्यापुढे खुणा करायच्या, आणि म्हणूनच ऑफिसात तिला सगळे खूणबाई म्हणायचे. नवा चित्रपट बाहेर पडण्याआधी दोन-अडीचशे अनोळखी माणसं बोलवायची, त्यांना तो फुकट दाखवायचा, शेवटी एकेक फॉर्म भरून घ्यायचा आणि कुणाला काय आवडलं, काय खटकलं ते चित्रपटवाल्यांना कळवायचं, असा त्या कंपनीचा धंदा. तिची जागा पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात, एका उंच स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून. मांडीवर फळी, फळीला चिकटवलेला बोटाएवढा हिरवट दिवा. गेली अकरा वर्षं ती चित्रपट बघत नव्हती, चित्रपट बघणारी तोंडं बघत होती. कुठला चित्रपट लागणार हेही तिला आधी सांगत नसत, नाहीतर पेन्सिल हसण्याच्या आधीच तयार होऊन बसते असं साहेबांचं म्हणणं. आणि तिने स्वतः हसायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. समोर एक हसरं तोंड दिसलं की लोक त्याला भुलून हसतात आणि सगळा हिशेब चुकतो. सुरुवातीला फार जड गेलं. मग तिने युक्ती काढली, हसू आलं की गाल आतून दाताखाली धरायचा. आता तिचं तोंड इतकं तयार झालं होतं की शेजारणी तिला आखडू समजत.

आजही तिने गाल धरला होता. पाठीमागे तीन वेंधळे चोर तासभर गोंधळ घालत होते. भलत्याच भिंतीला भोक पाडत होते, एकमेकांच्या पिशव्या पळवत होते, आणि लोक बऱ्यापैकी हसत होते, एक रेघ, एक रेघ, मध्येच दोन. मग दुकानाचा म्हातारा चौकीदार आला. त्याला खुर्चीला बांधलं. कुणी नट होता, नाकातून बोलणारा. तो म्हणाला, "न्या, काय न्यायचं ते न्या. पण जाताना तेवढा दिवा बंद करा, मालक ओरडतात." हसू तिच्या घशापर्यंत आलं ते केवळ सवयीने, कारण हे वाक्य आलं की हसायचं हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. तिने गाल करकचून चावला. आणि मग, त्या चाव्याच्या कळेतूनच जणू, तिला कळलं की हे वाक्य तिच्या घरातलं आहे. शब्द न् शब्द. मालकासकट. तिने घाईघाईने सातव्या रांगेत पाहिलं, कडेपासून तिसऱ्या खुर्चीवर. पण चोरांनी चौकीदाराचं ऐकून दिवा बंद केला होता, पाठीमागचा पडदा काळा झाला होता, आणि समोरची सगळी तोंडं विझली होती. अंधारात नुसता हशा ऐकू येत होता. पुन्हा उजेड झाला तेव्हा सातव्या रांगेत बाबा होते तसेच बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ. ते हसले होते की नव्हते हे जगात कुणालाही आता कळणार नव्हतं. तिने मिनिट बघून दोन रेघा ओढल्या, कारण दोनच ओढणं भाग होतं.

त्यांना तिनेच बोलावलं होतं. कर्म. सकाळी कुठल्याशा कारखान्यातून चाळीस माणसं यायची होती, त्यांची गाडी वाटेत बिघडली. निम्मी रिक्षा करून आली, निम्मी तशीच परतली. साहेब दारात उभे राहून रिकाम्या खुर्च्यांकडे घरातलं कुणी गेल्यासारखं बघत होते. म्हणाले, "जवळपास कुणी असेल तर बोलवा, कुणीही. नातेवाईक तेवढे नकोत." नातेवाईक नकोत हाही नियमच. घरचा माणूस खरं लिहीत नाही, खरं लिहिलं तर जास्तच लिहितो. पण घर वीस मिनिटांच्याच वाटेवर होतं, आणि बाबा सकाळभर खिडकीत बसून असायचे. आई गेल्यापासून तीन वर्षांत ते तिच्याबरोबर कुठे म्हणून गेले नव्हते. तिला वाटलं, चोरांचा विनोदी चित्रपट आहे असं दारावरची मुलगी म्हणते आहे, जरा करमणूक होईल. ते इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून आले. यादीत नाव घालताना तिने सांगितलं, "आमच्या शेजारचे काका." बाबांनी ते ऐकलं. एक क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याने ओळख द्यावी तशी मान हलवली. कसं आहे, काका. बरं आहे. नाटक त्यांना छान जमायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

कारण घरात ती गोष्ट करून दाखवायचे ते बाबाच. बाबा घड्याळांच्या एका मोठ्या दुकानात चौकीदार होते. सुट्टीचा दिवस, दुपारचे तीन, दुकानात ते एकटे. तिघे जण मागच्या दाराने आले, बाबांना जिन्याखालच्या कोठीत खुर्चीला सुतळीने बांधलं आणि दुकान धुऊन नेलं. दुसऱ्या दिवशी नऊला मालकाने कुलूप काढलं तेव्हा बाबा सापडले. गोष्ट एवढीच. पण तिच्या मामाच्या हाती ती पडली आणि तिचं सोनं झालं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला पाण्याचा पेला मागता येत नसे. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की मामा म्हणायचा, "भावजी, होऊन जाऊ दे." मग बाबा खुर्चीत बसून हात मागे घेत, मान वाकडी करत, चोरांना दटावल्यासारखं ते वाक्य म्हणत. आणि त्या बरोब्बर क्षणी भिंतीपाशी धावत जाऊन खटकन दिवा बंद करण्याचं काम तिचं होतं. अंधारात मामाचा आवाज यायचा, "आणि हा शहाणा बसला रात्रभर अंधारात, मालकाचं बिल वाचवत." लोकांची मुरकुंडी वळायची. अंधारातून बाबा म्हणायचे, "लाव गं आता, बाळा." ती मुद्दाम लावत नसे. लोक जास्त हसायचे. "लाव ना," बाबा पुन्हा म्हणायचे, आणि बटण हाताखाली असूनही ती थांबून राहायची, पाच मोजायची, कधी दहा, कारण त्या अंधारात सगळे जण तिच्या एकटीच्या मुठीत असायचे. तिच्या बालपणीचं सगळ्यात झकास सुख कोणतं असं कुणी विचारलं असतं तर तिने ते बटण सांगितलं असतं.

पण मामा तर कुणा चित्रपटवाल्याला ओळखत नव्हता. ओळखत होती ती. पाठीमागे चोर पळत होते, गाडी कुठल्याशा तळ्यात पडत होती, तिच्या पेन्सिलीने रेघा ओढणं चालू होतं, आणि डोक्यात ऑफिसची चहाची खोली स्वच्छ उभी राहिली होती. चार वर्षांपूर्वी एक लेखक तिथे बसला होता, जाड भिंगांचा, खांदे पडलेला. त्याच्या चित्रपटाचे फॉर्म फार वाईट आले होते. एकाने तर, झोप छान लागली, आभारी आहे, असं लिहिलं होतं. तो कपात बघत बसला होता, चहावर साय धरली होती. तिला त्याची कीव आली. माणसाला हसवायला तिच्याजवळ एकच हुकमी चीज होती, ती तिने काढली. बाबांसारखे हात मागे घेतले, मान वाकडी केली. लेखक इतका हसला की चहा टेबलभर झाला. डोळे पुसत म्हणाला, "हे मी घेऊ का?" आणि ती म्हणाली, "घ्या की." उसनी साखर मागायला आलेल्या बाईला म्हणावं तसं. घरी येऊन तिने हे कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आई तेव्हा होती. आईने विचारलं असतं, त्यांना विचारलंस का. आता स्टुलावर बसल्या बसल्या तिला घाम फुटला. सातव्या रांगेतला माणूस बुद्धू नव्हता. आपली लेक असल्याच लोकांत वावरते हे त्याला ठाऊक होतं. दोन अधिक दोन करायला त्याला कितीसा वेळ लागणार होता.

चित्रपट संपला. दिवे लागले, लोक डोळे चोळत फॉर्म भरू लागले. बाबांनी खिशातून चष्मा काढला, स्वतःचं पेन काढलं, आणि बराच वेळ लिहीत राहिले. ती फळी छातीशी धरून उभी होती. पेटीत फॉर्म टाकून बाहेर पडताना ते तिच्याजवळून गेले. "बरंय," ते म्हणाले. ती "बरंय, काका," म्हणाली. जिन्यावरून त्यांचे बूट वाजत खाली गेले, दर पायरीला दोन्ही पाय, गुडघ्यांमुळे. साहेब हात चोळत आले आणि म्हणाले की चौकीदाराचा हशा बाहेर रस्त्यावर ऐकू गेला.

दुपारी फॉर्म लावायला टक्केवारी आणि ती बसले. टक्केवारी म्हणजे तिचा बरोबरीचा सहकारी. जेवण कसं झालं विचारलं तरी तो सत्तर टक्के म्हणायचा. तो एकेक फॉर्म मोठ्याने वाचे आणि ती गठ्ठे लावी. चावलेला गाल सुजला होता, बोलायला नको वाटत होतं, आणि बोलायचं नव्हतंच. "चौकीदार. पोट दुखलं." चौकीदाराचा गठ्ठा. "बोगद्याचं फार ताणलं, पण चौकीदार आला आणि पैसे वसूल. फुकट होतं तरी." चौकीदार. एका शिक्षिकेने पाठपोट लिहिलं होतं की चोरांना असं गोंडस दाखवलं तर मुलांनी काय शिकायचं, आणि खाली बारीक अक्षरात, मात्र चौकीदाराचा प्रसंग निर्मळ. एक कुलूपवाला म्हणत होता की हेअरपिनने कुलूप उघडतं असं दाखवणाऱ्याला एकदा माझ्या दुकानात पाठवा. एकाला नायिका कमी पडली होती, एकाला जास्त. एकाने लिहिलं होतं, मला हसू आलं नाही, पण दोन्ही बाजूचे हसत होते म्हणून हसलो, एकट्याने न हसणं बरं दिसत नाही. मग टक्केवारी थांबला आणि जरा वेगळ्या आवाजात त्याने वाचलं, "चौकीदार म्हणाला तेव्हा माझी बायको हसली. आमच्या मुलाला जाऊन सात महिने झाले. ती आज पहिल्यांदा हसली. धन्यवाद." तिने तो फॉर्म हलक्या हाताने गठ्ठ्यावर ठेवला आणि तिच्या मनाने एकदम उभारी धरली. चांगलंच केलं की मी. कुणाचं काय बिघडलं. बाबाही हसलेच असतील, अंधारात, सगळ्यांच्या आधी.

"हा बघ नमुना," टक्केवारी म्हणाला.

ते अक्षर तिने हातभर अंतरावरून ओळखलं. ताठ, सुटं, दाबून लिहिलेलं, आयुष्यभर आल्या-गेल्याची वही लिहिणाऱ्याचं. आवडलेला प्रसंग: तळ्याचा. बदलावा असा प्रसंग: चौकीदाराचा. का, याच्यापुढे लिहिलं होतं, "तो असे म्हणाला नाही. तो म्हणाला, दिवा राहू द्या. त्यांनी ऐकले नाही." आणि आणखी काही सांगायचे असल्यास, याच्यापुढे, "बाकी चित्रपट चांगला आहे. सर्वांनी मेहनत घेतली आहे."

"तो म्हणाला म्हणे," टक्केवारी हसत होता. "याला काय फोन केला होता चौकीदाराने?"

तिने फॉर्म त्याच्या हातातून घेतला. दिवा राहू द्या. तीन वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत, अठरा तास. एवढी सोपी बेरीज तिने पस्तीस वर्षांत कधी केली नव्हती. कोठीला खिडकी नव्हती हे तिला माहीत होतं, मामाच तर सांगायचा. अंधारातून येणारा तो आवाज तिला आता जसाच्या तसा ऐकू आला, लाव गं आता, बाळा, आणि मग दुसऱ्यांदा, लाव ना, आणि त्या दुसऱ्या वेळच्या आवाजाच्या तळाशी जे होतं ते लोकांच्या हशाखाली दरवेळी झाकलं गेलं होतं. ती पाच मोजत होती. कधी दहा. ते दरवेळी खुर्चीत बसून तिच्या बोटाची वाट बघत होते.

"हा एक अहवालात घालू या का?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"एकटा आहे तो. दोनशे अकरा एकीकडे आणि हा शहाणा एकीकडे. 'इतर'मध्ये जाईल."

"पण त्याला माहीत असेल तर?"

"काय माहीत असेल?"

बोलायचं तर एकच वाक्य होतं, हे माझे वडील आहेत, तो चौकीदार हेच. ते म्हटलं असतं तर फॉर्मला वजन आलं असतं, आणि त्याच क्षणी फॉर्म बाद झाला असता, कारण नातेवाईकांचा फॉर्म फाडून टाकायचा असतो. शिवाय शेजारचे काका कुठून आले ते निघालं असतं, आणि त्यामागोमाग चहाच्या खोलीतलं, घ्या की. कुठूनही धरलं तरी दोरी तिच्याच गळ्याशी येत होती. आणि त्या सात महिन्यांनी हसलेल्या बाईचं काय करायचं, तेही तिला कळत नव्हतं. तिने बाबांचा फॉर्म 'इतर'च्या गठ्ठ्यात ठेवला. वर कुलूपवाल्याचा ठेवला, म्हणजे अक्षर दिसणार नाही. अहवालात टक्केवारीने लिहिलं, चौकीदाराचा प्रसंग किंचित वाढवावा.

घरी जाताना तिने ठरवलं की दार उघडताच सांगून टाकायचं. बाबा, ती गोष्ट मी दिली. न विचारता दिली. माझं चुकलं. तीन वाक्यं होती. ती तिने रस्ताभर मनात घोळवली, चौकात थांबून, पूल ओलांडताना, जिना चढताना. ते रागावले तरी चालेल, बोलले नाहीत चार दिवस तरी चालेल. फक्त त्यांनी मनात कुढत बसू नये, आणि तिच्याबद्दल वेगळं काही धरून बसू नये. दार उघडंच होतं. बाबा खिडकीखाली पाटावर बसून बुटांना पॉलिश करत होते. जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही बूट नीट मांडलेले. बाहेर अजून चांगला उजेड होता.

"चहा झाकून ठेवलाय," ते म्हणाले.

ती तशीच त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. पिशवीही खांद्यावरून काढली नाही. "बाबा, तुमचा फॉर्म मी वाचला."

"त्यावर नाव नसतं ना?"

"अक्षर कळतं."

"हां." ते ब्रश फिरवत राहिले. "काही बावळटासारखं लिहिलं का मी?"

"नाही. पण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. इतकी वर्षं."

बाबांनी बूट उजेडात धरून पाहिला. मग बोलले ते बुटाकडे बघूनच. "तू चार वर्षांची होतीस. दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा माझं तोंड हे एवढं सुजलेलं. एक डोळा बंद. तू आईच्या मागे लपलीस. मी हाक मारली तर ओरडायला लागलीस, हे बाबा नाहीत म्हणून. दोन दिवस जवळ येईनास. मला रात्री झोप नव्हती, डोळे मिटले की तेच, पण त्याचं एवढं नाही. तू येत नव्हतीस, ते मला सहन होईना. मग तिसऱ्या दिवशी सुचलं ते दिव्याचं. हात मागे घेतले आणि म्हटलं. तू हसलीस. पुन्हा म्हण म्हणालीस. दहा वेळा म्हटलं असेल, आणि दहाव्यांदा तू मांडीवर येऊन बसलीस." ते थांबले. "मग तेच चालू राहिलं. मामाला सापडलं. लोकांना आवडायचं. खरं काय झालं ते पोलिसांच्या कागदात आहे आणि तुझ्या आईला माहीत होतं."

तिच्या तोंडातली तीन वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिला त्यांचा हात धरावासा वाटला, पण हाताला काळं पॉलिश लागलं होतं आणि त्या घरात कुणी कुणाचा हात असा धरत नसे. रडू यायला लागलं तर थांबवायचं नाही, असं तिने मनाशी म्हटलं, तर ते आलंच नाही. अकरा वर्षांत तोंडाला लागलेली शिस्त.

"आता त्या लेखकाला कुणी सांगितलं हे मी ओळखलंय," बाबा म्हणाले.

तिने खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली.

"तुझा मामा. दुसरं कोण? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुठल्यातरी लग्नात पंगतीत बसून सुरू झाला असेल, शेजारी बसलेला निघाला लेखक." ते जरा हसले. "जाऊ दे. त्याच्यावर रागावून काय करायचं. त्याला माहीतच नाही."

"बाबा," ती म्हणाली.

"थांब, मला बोलू दे. मी हे लिहिणार नव्हतो. एवढे लोक हसले, मीही हसायच्या बेतात होतो, सवयीने. म्हटलं, आपलंच आहे. मग तुझ्याकडे नजर गेली. सगळीकडे अंधार झाला होता आणि तुझ्या त्या बारक्या दिव्यात तुझं तोंड तेवढं दिसत होतं." त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "एवढ्या माणसांत तू एकटी हसली नाहीस. मी म्हटलं, हिला कळलंय. न सांगता कळलंय. म्हणून तर लिहायचा धीर झाला."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. बाबांचा चेहरा म्हातारा आणि मोकळा दिसत होता, आई गेल्यापासून इतका मोकळा तिने पाहिला नव्हता. हसायची परवानगी नसते, बाबा. एवढंच सांगायचं होतं. आतून मी हसतच होते.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली," ती म्हणाली.

त्यांनी सावकाश मान हलवली. दुसरा बूट पुढे ओढला, डबीत फडकं बुडवलं, आणि टाचेपासून सुरुवात केली. "वाटलंच मला," ते म्हणाले. "तरीच तू ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाहीस."

"नाही सांगितली," ती म्हणाली.